खुबा : देहाचे उखळ

घरातील एखादे वृद्ध माणूस न्हाणीघरात किंवा उंबरठ्याशी पाय घसरून पडावे, उठवू जाता उठू नये, आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी दबक्या आवाजात म्हणावे, "खुबा मोडला वाटते." हे तीन शब्द कानी पडताच घरातील साऱ्यांचे चेहरे उतरतात. आपल्या वाडवडिलांच्या काळी या शब्दांचा अर्थ एकच होता. पडलेल्या माणसाची खाट आतल्या खोलीत जावयाची आणि माणूस तेथून पायांनी चालत पुन्हा बाहेर यावयाचे नाही. पडून राहिल्याने पाठीला जखमा होत, छातीत कफ साठे, आणि काही आठवड्यांतच शेवटच्या संस्कारांसाठी फादरांना बोलावणे जाई.

आज परिस्थिती तशी राहिलेली नाही. खुबा मोडलेली आजीबाई शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी आधार घेऊन उभी राहते, हे आता नवल नव्हे. परंतु जुनी समजूत मात्र पुष्कळ घरांत अजून टिकून आहे. "वय झाले आहे, आता कशाला उगीच कापाकापी?" असे म्हणून जे माणूस चालू शकले असते ते अंथरुणाला खिळून राहते. दुसरीकडे, तान्ह्या बाळाच्या खुब्यातील जो दोष पहिल्या महिन्यांत सहज सुधारता आला असता, तो मूल लंगडत चालू लागेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन्ही ठिकाणी नुकसान होते ते या हाडाची ओळख नसल्यामुळे. यास्तव आपल्या कमरेच्या हाडांची घडण कशी आहे, ते आज थोडे निवांतपणे पाहू.

तीन हाडांचे एक हाड

वाचकहो, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहा. पंजाखाली जी कडक कड लागते ती श्रोणीच्या हाडाची वरची धार होय. आता देवळातील लाकडी बाकावर बसल्याची आठवण करा. प्रवचन थोडे लांबले की खाली जी दोन हाडे टोचू लागतात, ती त्याच हाडाची खालची टोके. पोटाच्या अगदी तळाशी, पुढच्या बाजूस मधोमध, जेथे उजवी व डावी बाजू एकमेकींस मिळते, तो त्याच हाडाचा पुढचा भाग. वरचे पसरट पाते, खालचे बैठकीचे हाड आणि पुढचे जघनास्थी अशी ही मुळात तीन हाडे असतात. लहान मुलात ती निरनिराळी असून त्यांच्यामध्ये मऊ कूर्चा असते. मुलगा किंवा मुलगी साधारण 14 ते 17 वर्षांची होईतो ती एकमेकांस सांधली जातात आणि प्रत्येक बाजूस एकच हाड होते. त्याच्या कडा पक्क्या व्हावयास तर विशी उजाडते.

जुन्या युरोपीय शरीरशास्त्रज्ञांनी या हाडाला 'अनामिक हाड' असे नाव दिले होते. त्याचा वेडावाकडा आकार कोणत्याही ओळखीच्या वस्तूसारखा नाही, म्हणून त्यास नावच सुचले नाही, असे सांगतात.

उजवे व डावे अशी ही दोन हाडे पुढे एकमेकांस मिळतात. मागे मात्र त्यांच्यामध्ये एक त्रिकोणी हाड पाचरीसारखे बसलेले असते. कण्याचे खालचे पाच मणके एकत्र जुळून ते तयार होते. त्यास त्रिकास्थी म्हणतात. ग्रीक व रोमन वैद्य त्याला 'पवित्र हाड' म्हणत. हे नाव का पडले, याविषयी विद्वानांत एकमत नाही. आपल्या जुन्या देवळांच्या दगडी कमानी आठवा. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड दोन्ही बाजूंचा भार तोलून धरतो. त्रिकास्थीचे काम तसेच आहे. डोके, हात, छाती आणि पोट यांचे सारे ओझे कण्यावाटे या हाडावर उतरते व तेथून दोन्ही बाजूंना वाटले जाऊन पायांकडे जाते. त्रिकास्थीच्या खाली शेपटीच्या अवशेषासारखे जे लहानसे टोक असते, त्यास आपण माकडहाड म्हणतो. ग्रीकांना ते कोकिळेच्या चोचीसारखे वाटले आणि त्यांनी त्यास त्या पक्ष्याचेच नाव दिले.

अशा रीतीने हाडांचे एक भक्कम कडे तयार होते. त्यास श्रोणी म्हणतात. मूत्राशय, आतड्याचा शेवटचा भाग आणि स्त्रियांचे गर्भाशय या कड्याच्या आत सुरक्षित असते.

गुरे राखणाऱ्यांना ही हाडे वेगळी दाखवावयास नकोत. उन्हाळ्याच्या अखेरीस रोडावलेल्या गाईच्या पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंना जे उंचवटे उठून दिसतात, ते आपण हात ठेवतो त्याच हाडाचे कोपरे होत. आणि शेपटीच्या दोहों बाजूंना मागे दिसणारी दोन टोके म्हणजे आपण ज्यांवर बसतो ती. मात्र चार पायांवर चालणाऱ्या जनावरांत हे हाड लांबट व अरुंद असते, तर मनुष्यात ते आखूड, रुंद आणि वाडग्यासारखे पसरलेले असते. ताठ उभे राहून दोन पायांवर चालावयाचे तर असेच हाड हवे. इथिओपिया देशात हडार येथे 1974 साली 'लूसी' या नावाने प्रसिद्ध झालेला जो सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला, त्याच्या श्रोणीचा आकार पाहूनच शास्त्रज्ञांनी ती दोन पायांवर चालत असली पाहिजे, असा निष्कर्ष काढला.

उखळीचा सांधा

ही तिन्ही हाडे जेथे एकत्र मिळतात, नेमक्या त्याच जागी बाहेरच्या बाजूस एक खोलगट वाटी असते. रोमन लोकांच्या जेवणाच्या मेजावर व्हिनेगर ठेवावयाची लहानशी वाटी असे. तिचेच नाव लॅटिन भाषेत या खोबणीला मिळाले. आपल्याकडील उपमा याहून घरगुती आहे. सुश्रुताने आपल्या संहितेत शरीरातील सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एकास तो उखळाचे नाव देतो आणि खांद्याच्या व जांघेच्या सांध्याची गणना त्यात करतो. आजही शाळेच्या पुस्तकात मुले 'उखळीचा सांधा' असेच शिकतात. इतक्या शतकांत ही उपमा बदलावी असे कोणाला वाटले नाही, इतकी ती चपखल आहे.

या उखळात मांडीच्या हाडाचे वरचे टोक बसते. मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब हाड होय. माणसाच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा त्याचाच असतो. त्याचे वरचे टोक चेंडूसारखे वाटोळे व गुळगुळीत असते. पण हा चेंडू सरळ दांड्यावर बसविलेला नसतो. दांडा आणि चेंडू यांच्यामध्ये एक तिरकी मान असते. मोठ्या माणसात मान व दांडा यांमधील कोन 125 ते 130 अंशांच्या आसपास असतो. या तिरकेपणामुळेच पाय मोकळेपणाने सर्व दिशांना फिरतो. आपण मांडी घालून बसतो, उकिडवे बसतो, गुडघे टेकतो, भाताच्या शेतात तासन्‌तास वाकून लावणी करतो, ते सारे या मानेच्या कृपेने. आणि म्हातारपणी जे मोडते, तेही पुष्कळदा हीच मान.

खांद्याचा सांधाही उखळीचाच. पण तेथील उखळ उथळ असल्याने खांदा पुष्कळ वेळा निखळतो. खुब्याचे उखळ खोल असते, त्याच्या काठाला चिवट कूर्चेची कड असते, आणि भोवती बळकट अस्थिबंधांचे वेष्टन असते. समोरचा अस्थिबंध तर साऱ्या देहातील सर्वांत मजबूत समजला जातो. म्हणून निरोगी मोठ्या माणसाचा खुबा सहसा निखळत नाही. मोटारीच्या टकरीसारखा जबर आघातच त्यास लागतो.

उत्पत्तीच्या पुस्तकातील 32 व्या अध्यायात याकोबाची कथा आहे. यब्बोक नदीच्या उतारापाशी तो रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजला. पहाट होऊ लागली तेव्हा त्या पुरुषाने त्याच्या जांघेच्या सांध्यास केवळ स्पर्श केला आणि याकोबाचा सांधा उखळला. सूर्य उगवला तेव्हा आशीर्वाद मिळालेला याकोब लंगडत चालला होता. देहातील सर्वांत बळकट सांधा नुसत्या स्पर्शाने जागचा हलावा, यातच त्या प्रसंगाचे गांभीर्य आहे. सांध्याची घडण ठाऊक असली म्हणजे ही कथा अधिक कळते. त्या दिवसाची आठवण म्हणून धर्मनिष्ठ यहुदी लोक जनावराच्या मांडीतील ती शीर आजही खात नाहीत. ही शीर म्हणजे खुब्याच्या मागून पायात उतरणारी जाड नस होय, असे मानतात. हीच नस दुखू लागली की आपण सायटिका झाला म्हणतो.

एका पायाचा भार आणि काठीचा हात

चालताना प्रत्येक पावलागणिक क्षणभर आपण एकाच पायावर उभे असतो. अशा वेळी खुब्यावर किती भार येत असेल? पुष्कळांचे उत्तर असे येईल की, शरीराचे जेवढे वजन तेवढाच. ते बरोबर नाही. उचललेल्या पायाच्या बाजूला शरीर कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू श्रोणीला खाली ओढून धरतात. मुले फळीवर बसून वरखाली झोका घेतात, तेव्हा टेकूच्या जवळ बसणाऱ्याने दूरच्यास तोलावयाचे तर तो कितीतरी जड असावा लागतो. येथेही तसेच होते. शरीराचे वजन सांध्यापासून दूर व स्नायू जवळ, म्हणून स्नायूंना वजनापेक्षा पुष्कळ अधिक जोर लावावा लागतो. वजन आणि जोर दोन्ही मिळून सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट भार पडतो. 60 किलो वजनाच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलास 150 ते 180 किलोंचा दाब येतो, असे समजावे.

फ्रीडरिश पाउवेल्स या जर्मन शल्यविशारदाने 1935 साली खुब्यावरील भाराचे हे गणित विस्ताराने मांडले. त्यातून निघणारा एक धडा प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे. ज्या बाजूचा खुबा दुखतो त्याच बाजूच्या हातात बहुतेक लोक काठी धरतात. वस्तुतः काठी दुसऱ्या हातात धरावयास हवी. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात असावी, आणि उजवे पाऊल टाकताना ती बरोबरीने पुढे टेकावी. काठी सांध्यापासून दूर टेकल्याने तिचा थोडासा आधारही स्नायूंचे पुष्कळ श्रम वाचवतो व सांध्यावरचा भार मोठ्या प्रमाणात हलका होतो. यास खर्च काहीच नाही. केवळ काठीचा हात बदलावयाचा.

कडेवरचे मूल

जन्मतः खुब्याचे उखळ उथळ असते व ते बरेचसे कूर्चेचे असते. त्यात चेंडू नीट बसून हलत राहिला, तरच त्याच्या दाबाने उखळ खोल व वाटोळे घडत जाते. काही बाळांत चेंडू उखळाबाहेर सरकलेला असतो, किंवा सैल राहून सरकण्याच्या बेतात असतो. मुलांपेक्षा मुलींत, पहिलटकरणीच्या बाळात, पायाळू बाळात आणि ज्या घराण्यात पूर्वी असा दोष होता तेथे याचा संभव अधिक. इटलीतील मारिनो ऑर्तोलानी या बालरोगतज्ज्ञाने 1937 साली नवजात बाळाचे पाय हलकेच फाकवून हा दोष ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. आजही जगभर डॉक्टर ती वापरतात. बाळ लहान असतानाच ध्यानात आले, तर काही आठवडे पाय फाकलेले ठेवणारा मऊ पट्टा बांधून पुष्कळदा सारे सुरळीत होते. उशीर झाला तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

या बाबतीत आपल्या आयाबायांची एक रीत उत्तम आहे आणि दुसरी सोडण्याजोगी आहे. उत्तम रीत ती मुलाला कडेवर घेण्याची. आईच्या कमरेवर मूल दोन्ही पाय फाकून बसते, तेव्हा त्याच्या मांडीचा चेंडू उखळाच्या अगदी मधोमध राहतो. डॉक्टर पट्टा बांधून जी स्थिती साधू पाहतात, तीच ही. जेथे मुलांना असे फाकलेल्या पायांनी आईच्या अंगाशी बांधून वागवितात, त्या आफ्रिकेतील समाजांत हा दोष क्वचितच आढळतो. उलट तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून फळीला बांधण्याची चाल ज्या उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमातींत होती, त्यांच्यात तो फार आढळला.

सोडण्याजोगी रीत ती बाळाचे पाय सरळ जुळवून दुपट्यात घट्ट आवळून बांधण्याची. छातीभोवती दुपटे गुंडाळावे, पण कमरेखाली पाय दुमडण्यास व फाकण्यास मोकळीक असावी. न्हाऊ घातल्यावर बाळाला घोट्यांना धरून उलटे लोंबकळविण्याची जी चाल काही ठिकाणी आहे, तीही टाकून द्यावी. तेल लावताना मात्र आईने किंवा आजीने डोळे उघडे ठेवावेत. दोन्ही पाय गुडघ्यांत दुमडून हलकेच बाहेर उघडले असता एक कमी उघडतो काय? दोन्ही गुडघे एका उंचीवर येतात काय? एक पाय आखूड भासतो काय? असा संशय आला तर जोर न लावता बाळास डॉक्टरांकडे न्यावे. रोज तेल लावणाऱ्या हाताला जे कळते ते दुसऱ्या कोणास इतक्या लवकर कळणार नाही.

आईचे हाड

स्त्रीची श्रोणी पुरुषाच्या श्रोणीहून रुंद, उथळ व आतून अधिक गोलसर असते. जन्माच्या वेळी बाळाला या हाडांच्या कड्यातूनच वाट काढावी लागते. वाट सरळ नसते. वरचे तोंड आडवे रुंद व खालचे तोंड पुढेमागे लांब असल्याने बाळाचे डोके आत शिरताना एका बाजूला आणि बाहेर पडताना दुसऱ्या बाजूला वळते. त्याच्या कवटीची हाडेही किंचित एकमेकांवर सरकतात. गाय व्यावयास आली की शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, हे गुराख्याला ठाऊक असते. तेथील अस्थिबंध सैल पडल्याचे ते चिन्ह होय. स्त्रीच्या श्रोणीचे सांधेही गर्भारपणी थोडे सैल होतात. त्या दिवसांत कंबर व जांघा दुखतात याचे हे एक कारण आहे. तो तिचा नाजूकपणा नव्हे.

मुलीला लहानपणी ऊन व पोषक अन्न मिळाले नाही, तर मुडदूस होऊन हाडे मऊ राहतात आणि शरीराच्या भाराने हे कडे चेपते. पूर्वी अडलेल्या बाळंतपणाचे हे एक मोठे कारण होते. शिवाय, ज्या हाडाच्या कडा विशीपर्यंत पक्क्या होत नाहीत, त्यावर कोवळ्या वयात मातृत्वाचा भार टाकणे किती धोक्याचे, हेही यावरून उमगावे. घरातील मुलीच्या ताटात मुलाइतकेच दूध व मासळी वाढणे हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. तिच्या पुढील बाळंतपणाची ती तयारी आहे.

पाट फुटतो तेव्हा

आता मूळ विषयाकडे वळू. स्त्रीची पाळी थांबल्यानंतर व पुरुषाची सत्तरी जवळ आल्यावर हाडे आतून विरळ होऊ लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग साध्या पडण्याने मांडीच्या हाडाची मान किंवा तिच्या खालचा भाग मोडतो. पडलेले माणूस पाय उचलू शकत नाही. तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो व पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले असते. कधी मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस चार पावले चालतेही. "काही नाही रे बाळा, जरा मुरगळले असेल. तेल चोळ म्हणजे उतरेल," असे आजी म्हणते आणि घरचे ऐकतात. येथेच घात होतो.

मानेचे हाड स्वस्थ पडून राहिल्याने का जुळत नाही? चेंडूला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या मुख्यतः मानेच्या अंगानेच वर चढतात. शेताच्या टोकाच्या वाफ्याला पाणी नेणारा पाट मधेच फुटला तर वाफा सुकतो. तद्वत् मान मोडली की त्या वाहिन्या तुटतात व चेंडू रक्तावाचून मरू लागतो. तेल, पाला किंवा पट्टी यांनी तो पाट सांधता येत नाही. चोळल्याने तर टोके अधिकच सरकतात. मानेच्या खालच्या भागी हाड मोडले तर तेथे रक्ताचा पुरवठा चांगला असल्याने ते जुळू शकते. परंतु कित्येक आठवडे पडून राहावे लागते आणि वृद्ध देहाला ते पडून राहणेच मारक ठरते. म्हणून दोन्ही प्रकारांत उपाय शस्त्रक्रियेचाच. खालचा भाग मोडला असेल तर सळई किंवा पट्टी बसवून हाड पक्के करतात. मान मोडून टोके सरकली असतील तर वृद्धांमध्ये बहुधा चेंडू काढून धातूचा बसवितात, किंवा उखळासह सारा सांधा बदलतात.

सांधा बदलण्याची आजची रीत सर जॉन चार्नली या इंग्रज शल्यविशारदाच्या चिकाटीचे फळ आहे. लँकशायरमधील राइटिंग्टन इस्पितळात त्यांनी धातूचा लहान चेंडू व प्लास्टिकचे उखळ अशी जोडी तयार केली आणि दंतवैद्य वापरतात त्या जातीच्या सिमेंटाने ती हाडात बसविली. प्रथम उखळासाठी टेफ्लॉन वापरले. शेकडो रुग्ण चालू लागले, पण थोड्याच वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले व त्याच्या कणांनी सांधे बिघडले. चार्नली यांनी अपयश लपविले नाही. पदार्थाचा परिणाम कळावा म्हणून त्यांनी तो स्वतःच्या मांडीतही टोचून घेतला. अखेर 1962 च्या नोव्हेंबरात त्यांनी अधिक चिवट अशा पॉलिथिलिनचे उखळ बसविले आणि ते टिकले. आज जगात दरवर्षी लाखो लोकांना असे सांधे बसविले जातात. त्यांतील बहुतेक 15 ते 20 वर्षे किंवा अधिक काळ चालतात.

पोप दुसरे जॉन पॉल हे 1986 साली भारतभेटीत गोव्यासही आले होते, ते आपल्यातील अनेकांनी पाहिले आहे. 1994 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, ते न्हाणीघरात पडले व त्यांच्या उजव्या मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. दुसऱ्याच दिवशी रोममध्ये शस्त्रक्रिया करून त्यांच्या खुब्यात कृत्रिम भाग बसविण्यात आला. चाल पूर्वीसारखी झाली नाही, हातात काठी आली. परंतु 2000 साली त्याच काठीनिशी ते जेरुसलेममध्ये गेले. पोपांचेही न्हाणीघर निसरडे असू शकते, हे ध्यानात ठेवावे, आणि त्यांनी दुसऱ्या दिवसाची वाट धरली तेही.

यास्तव घरात असा प्रसंग आला तर काय करावे? माणसाला ओढून उभे करू नये. पाय सरळ करण्याचा खटाटोप करू नये. दोन्ही पायांमध्ये उशी किंवा घडीची चादर ठेवून पाय एकमेकांस हलकेच बांधावेत व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांतच झालेली बरी. "वय फार आहे," हे शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नव्हे. पडून राहण्याचा धोका म्हाताऱ्या देहाला बहुधा तिच्यापेक्षा मोठा असतो. खर्चाची भीती वाटत असेल तर शासकीय योजनेतून मदत मिळते काय, याची चौकशी दाखल होतानाच करावी. दुचाकीच्या अपघातात श्रोणीचे कडेच फुटले असेल तर आत फार रक्तस्राव होतो. अशा जखमीस कुशीवर वळवू नये. मांड्यांच्या वरच्या टोकांच्या पातळीवर चादर घट्ट गुंडाळून त्वरेने इस्पितळात न्यावे.

मोडण्यापूर्वीची काळजी

शस्त्रक्रिया झाली तरी सारे संकट टळते असे नव्हे. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सर्वसाधारणपणे पाचांतील एक तरी वर्षाच्या आत जगाचा निरोप घेतो. म्हणून न मोडू देणे हेच खरे शहाणपण. पावसाळ्यात अंगणात व विहिरीपाशी साचणारे शेवाळ घासून काढावे. न्हाणीघरात भिंतीला धरावयास दांडा लावावा आणि ओली फरशी खरबरीत ठेवावी. खाटेपासून मोरीपर्यंत रात्री एक दिवा जळत असावा. मोतीबिंदू असल्यास काढून घ्यावा. झिजलेल्या चपला फेकून द्याव्यात. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

हाडांसाठी आपल्याच घरातील अन्न पुरेसे चांगले आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम चुना असतो. तीळ, दूध, ताक आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी हीही त्यातलीच. रोज थोडे ऊन अंगावर घ्यावे आणि चालणे सोडू नये, कारण भार पडला तरच हाड बळकट राहते. मशेरी व विडी हाडे पोखरतात. तरुण पुरुषांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. वर्षानुवर्षे बेसुमार दारू पिणाऱ्यांच्या खुब्यातील चेंडू काहीही न मोडता रक्तावाचून मरू लागतो. सांधेदुखीसाठी कोणीही दिलेल्या पुड्या खाणाऱ्यांचेही तसेच होते, कारण त्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेले असते. तिशी-चाळिशीतला गडी जांघेतील दुखण्याने लंगडू लागला, तर ते थकव्याचे म्हणून सोडून देऊ नये.

ज्या आजीने आपल्या आईला व आपल्यालाही कडेवर वागविले, तिच्या खुब्याची काळजी वाहणे आता आपल्याकडे आले आहे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर तिची काठी कोणत्या हातात आहे ते पाहावे, आणि न्हाणीघराच्या वाटेवरचा दिवा लागतो की नाही, तेही पाहावे.